गरोदरपणातील लोहाच्या गोळ्या : लाल सरकारी की महाग मेडिकलची?

गरोदर बाईचे रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन नऊ निघाले, की वस्तीतल्या घरात बहुधा एकच प्रकार घडतो. आशाताई लाल गोळ्यांची पाने देऊन जातात. दुसऱ्या दिवशी शेजारची कोणीतरी सांगते, "त्या सरकारी गोळीने मळमळतं, काही फायदा नाही. मेडिकलमधून चांगली आण." मग रोजंदारीच्या पैशातून महागडी गोळी किंवा टॉनिकची बाटली येते. पंधरा दिवसांत ती संपते आणि पुन्हा आणायला पैसे नसतात. लाल गोळ्या तोवर डब्यात तशाच पडून राहतात. महिन्याने तपासणी होते तेव्हा हिमोग्लोबिन जिथल्या तिथे असते.

या सगळ्यात पैसा जातोच, पण वेळ जास्त जातो. गरोदरपणाचे दिवस मोजके असतात आणि त्यातला प्रत्येक महिना कामाचा असतो. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर एकच विषय घेतला आहे. तोंडाने घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांमध्ये खरा फरक काय असतो, आणि आपल्या घरातल्या गरोदर बाईने कोणती गोळी कशी घ्यावी, एवढेच येथे पाहू.

रक्त कमी म्हणजे किती कमी?

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅम किंवा त्याहून जास्त असावे. 10 ते 10.9 असेल तर सौम्य, 7 ते 9.9 असेल तर मध्यम आणि 7 पेक्षा कमी असेल तर तीव्र रक्तक्षय समजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 45.7 टक्के होते. म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दर दोन गरोदर बायांपैकी साधारण एकीला हा त्रास असतो. "सगळ्यांचंच कमी असतं" असे म्हणून आपण तो सोडून देतो. पण सगळ्यांचे कमी आहे म्हणून धोका कमी होत नाही.

बाळाच्या वाढीसाठी, वारेसाठी, आईच्या वाढलेल्या रक्तासाठी आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्तासाठी पूर्ण गरोदरपणात मिळून सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह लागते. पाळीत रक्त जाणे, लवकर लग्न, दोन बाळंतपणांत कमी अंतर, जंत आणि सगळ्यांना वाढून उरेल ते खाणे, या कारणांनी अनेक मुलींच्या शरीरातला साठा गरोदरपणाआधीच रिकामा झालेला असतो. मग धाप लागते, चक्कर येते, पाय ओढत चालावे लागते. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हीसुद्धा लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते. त्यावर हसू नये, रक्त तपासून घ्यावे.

खरा धोका बाळंतपणाच्या वेळी असतो. बाळंतपणात थोडेफार रक्त प्रत्येकीचे जाते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन अकरा आहे ती ते सहन करते. सात असलेल्या बाईला तेवढाच रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. शिवाय बाळ दिवस भरण्याआधी जन्मणे, वजन कमी भरणे आणि बाळाच्या शरीरातही लोहाचा साठा अपुरा राहणे, हे परिणाम पुढे चालू राहतात.

पानावर आधी कोणता आकडा शोधायचा?

गोळ्यांची तुलना करताना बहुतेकजण नाव, रंग आणि किंमत पाहतात. पाहायची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक पानाच्या मागे बारीक अक्षरात 'एलिमेंटल आयर्न' असे लिहून पुढे मिलिग्रॅमचा आकडा दिलेला असतो. गोळीत शुद्ध लोह किती आहे ते हा आकडा सांगतो.

लोह कधीच एकटे दिले जात नाही, ते कुठल्यातरी क्षारात बांधलेले असते. पूर्ण गोळीचे वजन एक आणि त्यातले लोह दुसरे. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण तिसरा हिस्सा लोह असते. वाळवलेल्या फेरस सल्फेटमध्येही जवळपास तेवढेच. फेरस ग्लुकोनेटमध्ये मात्र फक्त आठवा हिस्सा. म्हणजे 300 मिलिग्रॅम ग्लुकोनेटच्या गोळीत लोह फक्त 35 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, आणि 200 मिलिग्रॅम फ्युमरेटच्या गोळीत सुमारे 65 मिलिग्रॅम मिळते. मोठा आकडा पाहून घेतलेली गोळी लोहाच्या हिशोबात लहान ठरू शकते.

हा आकडा वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा. मेडिकलवाल्यालाही विचारा : "यात एलिमेंटल आयर्न किती?" हा प्रश्न विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही.

गोळ्यांचे प्रकार एकेक करून

*लाल सरकारी गोळी.* अंगणवाडी, उपकेंद्र, आरोग्य केंद्र, महापालिकेचा दवाखाना येथे ही मोफत मिळते. 2018 साली सुरू झालेल्या 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. लोह बहुधा फेरस सल्फेटच्या रूपात असते. हे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि जगभर सर्वांत जास्त वापरलेले औषध आहे. नव्या गोळ्यांची तुलना करताना संशोधक बहुधा याच गोळीशी करतात. तिचा दोष असा की काहींना मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात. गुण असा की ती नियमाने घेतली तर हिमोग्लोबिन वाढते, आणि खिशातून एक रुपया जात नाही.

*फेरस फ्युमरेट.* गुण आणि दोष दोन्ही सल्फेटसारखेच. सल्फेट सोसत नाही म्हणून फ्युमरेट घेतले तर कधी बरे वाटते, कधी फरक पडत नाही. किंमत साधारण कमी असते.

*फेरस अॅस्कॉर्बेट.* खाजगी डॉक्टर आपल्याकडे ही गोळी फार लिहून देतात. लोहाला क जीवनसत्त्वाची जोड दिलेली असते, त्यामुळे ते आतड्यात चांगले शोषले जाते. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांत 100 मिलिग्रॅम लोह आणि 1.5 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड असते. औषध चांगले आहे. पण येथे हिशोब नीट पाहा. रक्तक्षय असलेल्या बाईला सरकारी कार्यक्रमात दिवसाला दोन लाल गोळ्या देतात, म्हणजे 120 मिलिग्रॅम लोह. महाग गोळी दिवसाला एक, म्हणजे 100 मिलिग्रॅम. त्यामुळे "एका महाग गोळीत दहा लाल गोळ्यांचं बळ" असे काही नसते. क जीवनसत्त्वाची जोड लाल गोळीला अर्ध्या लिंबानेही देता येते.

*फेरस बिसग्लायसिनेट.* यात लोह ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लात गुंडाळलेले असते. पोटाला त्रास कमी होतो आणि कमी मात्रेतही चांगले शोषले जाते. डेन्मार्कमधील एका चाचणीत गरोदर स्त्रियांना रोज 25 मिलिग्रॅम बिसग्लायसिनेट दिले, तेव्हा लोहाची कमतरता टाळण्यात ते 50 मिलिग्रॅम सल्फेटच्या बरोबरीने चालले. लक्षात ठेवायचे ते एवढेच की ती चाचणी कमतरता होऊ नये म्हणून केलेली होती. आधीच रक्त कमी झालेल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना सल्फेट अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी हा चांगला पर्याय आहे, पण महाग आहे.

*आयर्न पॉलिमाल्टोज.* वरच्या गोळ्यांत 'फेरस' लोह असते, यात 'फेरिक'. ते सावकाश सुटते, म्हणून मळमळ आणि जळजळ कमी होते. जेवणासोबत घेतले तरी चालते. चवही बरी असते, म्हणून याची पातळ औषधे पुष्कळ निघतात. पण सावकाश सुटते तसे हिमोग्लोबिनही अनेकदा सावकाश वाढते. सातवा-आठवा महिना लागलेला आहे, हिमोग्लोबिन आठ आहे आणि हातात आठ-दहा आठवडेच आहेत, अशा वेळी केवळ त्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही.

*कार्बोनिल आयर्न.* ही शुद्ध लोहाची अतिशय बारीक पूड असते. पोटातल्या आम्लात ती हळूहळू विरघळते आणि मग शोषली जाते. त्यामुळे अॅसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्या बाईला तिचा उपयोग कमी होतो. लहान मुलाने चुकून गिळली तर विषबाधेचा धोका सल्फेटपेक्षा कमी, हा तिचा एक गुण.

*लिपोसोमल आयर्न.* लोहाभोवती चरबीचे सूक्ष्म वेष्टन दिलेली ही नवी गोळी आहे. त्रास कमी होतो, किंमत फार असते. साध्या गोळीने काम होणाऱ्या बाईला तिची गरज नाही.

*हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या.* काही गोळ्यांवर 'एसआर' किंवा 'टाइम रिलीज' लिहिलेले असते. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. गोळी तिथून पुढे गेल्यावर फुटली तर त्रास होत नाही, कारण लोह अंगी फारसे लागतच नाही. रक्तक्षयावर उपचार म्हणून या गोळ्या टाळलेल्या बऱ्या.

*टॉनिकच्या बाटल्या.* वस्तीत सर्वांत जास्त पैसा येथे जातो. बाटलीवरचा लोहाचा आकडा वाचून साधा हिशोब करा. समजा, तीन चमचे म्हणजे 15 मिलिलिटर औषधात 30 मिलिग्रॅम लोह आहे. दोन लाल गोळ्यांइतके, म्हणजे 120 मिलिग्रॅम लोह हवे असेल तर दिवसाला 60 मिलिलिटर प्यावे लागेल. 200 मिलिलिटरची बाटली तीन दिवसांत संपेल. एवढे कोणी पीत नाही. दोन चमचे घेतात आणि "टॉनिक चालू आहे" असे समाधान मानतात. गोळी गिळताच येत नसेल तर डॉक्टरांकडून मात्रा मोजून घेऊन पातळ औषध जरूर घ्यावे. केवळ गोड आहे, लाल आहे, म्हणून घेऊ नये.

मग चांगली कोणती?

वरच्या सगळ्याचे सार असे आहे. शुद्ध लोहाचे प्रमाण सारखे ठेवले तर साध्या फेरस क्षारांमध्ये हिमोग्लोबिन वाढवण्याच्या बाबतीत फार मोठा फरक नसतो. फरक असतो तो मुख्यतः पोटाला होणाऱ्या त्रासात आणि किमतीत. म्हणून सुरुवात लाल गोळीपासून करावी. ती सोसली तर बदलायचे काहीच कारण नाही. नीट घेऊनही सोसली नाही तर बंद न करता डॉक्टरांना सांगून बिसग्लायसिनेट, अॅस्कॉर्बेट किंवा पॉलिमाल्टोजकडे जावे. जी गोळी रोज पोटात जाते, तीच त्या बाईसाठी चांगली गोळी.

खाजगी डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली असेल तर लाल गोळ्या सोबत घ्यायच्या की नाही हे त्यांना विचारा. दोन्हीकडची औषधे आपल्या मनाने एकत्र करू नका.

किती आणि किती दिवस?

रक्त कमी नसले तरी चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, किमान 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस रोज एक. पहिल्या तीन महिन्यांत नुसते फॉलिक अॅसिड देतात. हिमोग्लोबिन 7 ते 10.9 असेल तर दिवसाला दोन गोळ्या, हिमोग्लोबिन 11 होईपर्यंत. त्यानंतर पुन्हा रोज एक. चौथ्या महिन्यानंतर जंतांची अल्बेंडाझोल गोळी एकदा देतात, तीही घ्यावी. जंत राहिले तर रक्त गळतच राहते.

गोळी नीट चालली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही तर "आणखी एक महिना बघू" असे करू नये, मोठ्या दवाखान्यात जावे. गोळी नीट घेतली जात नाही, अंगी लागत नाही, की रक्त कमी होण्याचे कारणच दुसरे आहे, हे तिथे तपासता येते.

हिमोग्लोबिन अकरा झाले म्हणून गोळ्या बंद करणे ही नेहमीची चूक आहे. आकडा भरला तरी शरीरातला साठा रिकामाच असतो. तो भरायला आणखी काही महिने लागतात.

रोज घ्यावी की एक दिवसाआड, हा प्रश्न अलीकडे कानावर येतो. झुरिचमधील संशोधकांनी 2017 साली दाखवले की लोहाची गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. म्हणून एक दिवसाआड गोळीत दर गोळीमागे लोह जास्त अंगी लागते. पण तो अभ्यास गरोदर नसलेल्या स्त्रियांवर होता. आपल्याकडे गरोदर बाईसाठी सूचना रोज घेण्याचीच आहे. रोजची गोळी अगदीच सोसत नसेल तर हा मार्ग डॉक्टरांशी बोलून ठरवता येतो.

गोळी घेण्याची रीत

तीच गोळी एका घरात काम करते आणि शेजारच्या घरात करत नाही, याचे कारण पुष्कळदा घेण्याच्या रीतीत असते.

चहासोबत किंवा चहानंतर लगेच गोळी घेऊ नये. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते. चहा आणि गोळी यांत निदान एक-दोन तासांचे अंतर ठेवा. सकाळी चहा-पाव खाऊन कामावर निघणाऱ्या बाईने सकाळची वेळ सोडून द्यावी, रात्रीची धरावी.

दुधासोबत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत लोहाची गोळी नको. दवाखान्यात दोन्ही गोळ्या एकदम मिळतात आणि घरी त्या एकदमच गिळल्या जातात. कॅल्शियम जेवणानंतर घ्यावे आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे.

शक्यतो दोन जेवणांच्या मधे, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी. लोह थोडे कमी शोषले जाईल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते बरे. दोन गोळ्या असतील तर एकदम न घेता एक सकाळी, एक रात्री. बद्धकोष्ठ झाले तर पाणी, पालेभाजी, फळ वाढवावे.

शौचाला काळे होणे हे लोहाच्या गोळीने होतेच. ते रक्त नव्हे. पण डांबरासारखी चिकट, दुर्गंधीची शी आणि पोटात जोराची कळ असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पौर्णिमेला उपोसथ धरणाऱ्या गरोदर बाईनेही गोळी चुकवू नये. औषध घेणे उपोसथात चालते. आणि गरोदरपणात उपाशी राहू नये.

गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. एका खोलीच्या घरात गोळ्या उशाशी, खिडकीत, टीव्हीवर ठेवलेल्या असतात. लाल, गोड आवरणाची गोळी मुलाला चॉकलेटसारखी वाटते. मूठभर गोळ्या खाल्ल्याने लहान मूल दगावू शकते. त्या उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. मुलाने खाल्ल्याची शंका जरी आली तरी उलटीची वाट न पाहता पान सोबत घेऊन दवाखाना गाठा.

ताटातले लोह

आहाराने गोळी वगळता येत नाही, पण आहाराशिवाय गोळीही पुरी पडत नाही. मांसातले लोह धान्य-भाजीतल्या लोहापेक्षा बरेच जास्त शोषले जाते. मटण, रक्ती, वजरी, सुकट, बोंबील, अंडी हे आपल्या घरांतले अन्न रक्तवाढीच्या दृष्टीने मोलाचे आहे. ते नीट शिजवून गरोदर बाईच्या ताटात आधी आणि पुरेसे वाढावे. कलेजीत लोह भरपूर असते, पण अ जीवनसत्त्वही फार असते. म्हणून ती रोज नको, अधूनमधून थोडी, आणि पहिल्या तीन महिन्यांत टाळलेली बरी.

हळीव, मटकी, चवळी, हरभरा, बाजरी, नाचणी, राजगिरा आणि शेवग्याचा पाला हेही चांगले. मोड आणलेले कडधान्य आणि वर लिंबू पिळले तर लोह अधिक लागते. बीट-डाळिंबाचा रंग लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. फळ म्हणून खा, औषध म्हणून त्यावर पैसे घालू नका. मिश्री मात्र सोडावीच. तंबाखू दातावर घासली तरी ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

फॉलिक अॅसिड आणि मुंबईच्या गिरणीतल्या बाया

लाल गोळीत लोहाच्या जोडीला असलेल्या फॉलिक अॅसिडचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 साली येथे आली. हाफकिन संस्थेत राहून तिने गरीब गरोदर स्त्रियांच्या, त्यात गिरणीत काम करणाऱ्या बायांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने एका प्रकारचा रक्तक्षय बरा होतो, हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. आज जगभरातल्या गरोदर स्त्रिया जे औषध घेतात, त्यामागे मुंबईतल्या कष्टकरी बायांच्या रक्ताचे नमुने आहेत.

सिकलसेल : आपल्या समाजाने विसरू नये असा मुद्दा

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. विदर्भात, आणि विदर्भातून मुंबई-पुण्याला आलेल्या आपल्या कुटुंबांत, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 1958 सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते नोंदवले होते. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

जी बाई फक्त वाहक आहे, म्हणजे अहवालात 'एएस' आहे, तिला केवळ त्यामुळे रक्तक्षय होत नाही. तिलाही इतरांसारखीच लोहाची कमतरता होऊ शकते आणि लाल गोळ्या तिनेही घ्याव्यात. जिला प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे 'एसएस' आहे, तिने मात्र लोहाची गोळी मनाने घेऊ नये. तिच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी असते. शरीरात लोह कमी असेलच असे नाही, आणि रक्त चढवलेले असेल तर ते जास्तही असू शकते. फेरिटिनची तपासणी करून डॉक्टर ठरवतील. फॉलिक अॅसिड मात्र तिला लागतेच, आणि तिचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे.

महिनाभर गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि सिकलसेलची तपासणी कधीच झाली नसेल, तर ती मागून घ्या. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी लगेच करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. यात दोष कोणाचाच नसतो. पण वेळेवर कळले तर पुढचे निर्णय वेळेवर घेता येतात.

गोळीवर थांबू नये अशा वेळा

हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर गोळी पुरत नाही. शिरेतून लोह देण्याची इंजेक्शने असतात, ती दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. शेवटच्या तीन महिन्यांत सातच्या खाली असेल तर भरती व्हावे लागते. पाचच्या खाली असेल तर कोणताही महिना असो, त्याच दिवशी भरती, आणि रक्त चढवावे लागते. बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडणे, अंगावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे असतील तर आकड्याची वाट पाहू नका. गरोदरपण उशिरा नोंदवले गेले आणि मध्यम रक्तक्षय आहे, तेव्हाही डॉक्टर गोळीऐवजी इंजेक्शनचा विचार करतात.

सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत देण्याची तरतूद 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. तो हक्क आहे, उपकार नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विशेष मोफत तपासणीही असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गोळीने बाळ काळे होते का?* नाही. शी काळी होते, बाळ नाही. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो. आणि बाळ सावळे झाले तर त्यात बिघडले काय?

*गोळीने बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते का?* नाही. बाळाचे वजन योग्य भरायला मदत होते. अवघड जाते ते रक्त कमी असलेल्या आईला.

*गोळी गरम पडते का?* जळजळ होते ती पोटाच्या अस्तराला लोह लागल्याने. वेळ बदलून, जेवणानंतर घेऊन ती कमी होते.

*एक दिवस विसरले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यावी का?* नको. नेहमीची मात्रा पुढे चालू ठेवा.

*गूळ-शेंगदाणे खाल्ले तर गोळी नको ना?* खा जरूर. पण रिकामा साठा गरोदरपणाच्या काही महिन्यांत त्याने भरत नाही.

घरातल्यांनी काय करायचे?

गोळी बाईने गिळायची असली तरी आठवण ठेवणे घराचे काम आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतली की त्या तारखेला खूण करा. सासूबाईंनी "आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?" असे म्हणण्याआधी त्या वेळी किती बाया बाळंतपणात गेल्या ते आठवावे. नवऱ्याने तपासणीला सोबत जावे आणि अहवालावरचा हिमोग्लोबिनचा आकडा स्वतः वाचावा. महिला मंडळाने विहारातल्या बैठकीत गरोदर भगिनींची विचारपूस करावी : पाने मिळाली का, संपली का, त्रास होतो का. पाने संपली असतील तर अंगणवाडीत कोणीतरी सोबत जावे.

आज घरातल्या डब्यात लाल गोळ्यांची किती पाने पडून आहेत ते मोजा. मुदतीची तारीख पाहा. आणि रात्रीचे जेवण झाले की दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत, सुरुवात करा.